देवीचा हात

धाकट्या भावाच्या पोटात माझी किडनी बसवली, त्यानंतरचे काही महिने मी नौबादच्या एका भाड्याच्या घराच्या फाटकात खुर्ची टाकून बसले होते. सकाळी अंघोळ झाली की प्लास्टिकची खुर्ची आतल्या बाजूला ओढायची, शेजारच्या स्टुलावर हात चोळायचं औषध आणि मास्कचा डबा ठेवायचा, आणि येईल त्याला अडवायचं. माझ्या कुशीतले टाकेही तेव्हा ओढत होते. पण भालकीच्या शाळेत पोरांना गप्प बसवण्यात माझी निम्मी उमर गेलेली, त्यामुळे माणसं अडवणं मला जड गेलं नाही. खरं सांगायचं तर त्यात मला थोडी मजाही वाटायची.

भावाचं दुकान खटकचिंचोळीत. बी-बियाणं, खत, आणि एका बाजूला किराणा. दुकानापुढं एक लांब बाकडं, आणि त्या बाकड्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोणी ना कोणी बसलेलं. भावाला माणसांची इतकी सवय, की एकटा जेवायला बसला तर त्याला घास उतरत नसे. रक्तदाबानं त्याच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या तेव्हाही तो रक्त साफ करायच्या मशीनवर पडल्या पडल्या शेजारच्या पेशंटला तुरीचा भाव सांगत असे. असा माणूस मी आणि भावजयीनं हैदराबादचा दवाखाना जवळ पडावा म्हणून घेतलेल्या दोन खोल्यांत कोंडला होता.

कोंडण्याचं कारण हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. शरीर परका अवयव ओळखतं आणि त्याला हाकलायला उठतं. ते उठू नये म्हणून गोळ्या. "समझो घर के चौकीदार को नींद की गोली दी है," त्या म्हणाल्या. "अब चोर आया तो भी वो सोतेच रहेगा." म्हणजे तुम्हाआम्हाला ज्या सर्दीनं दोन शिंका येतात, ती त्याला दवाखान्यात नेऊ शकते. कच्ची फळं नकोत, फुलांचे हार नकोत, मातीत हात घालायचा नाही, गर्दी नको, शेंबडी पोरं तर मुळीच नकोत. आणि ताप आला तर घरची गोळी देऊन वाट बघायची नाही, सरळ गाडीत बसायचं. मी तुळशीची कुंडीसुद्धा उचलून फाटकाबाहेर ठेवली. शेजारीण तोंडाला पदर लावून बघत राहिली.

आता आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. आणि भेटणं म्हणजे लांबून विचारपूस करणं नव्हे. पलंगावर बसायचं, कपाळावर हात ठेवायचा, हात हातात घेऊन बराच वेळ सोडायचा नाही, आणि मग याच आजारानं कोणाकोणाचं काय झालं ते सविस्तर सांगायचं. गावाकडून टेम्पो भरून माणसं यायची. नारळ, बिस्किटाचे पुडे, केळीचा घड. मी त्यांना फाटकाबाहेर सावलीत बसवायचे, चहा द्यायचे, आणि भाऊ खिडकीच्या जाळीआडून हात हलवायचा.

"अक्का, एवढ्या लांबून आलोत, आत जाऊन बघू तरी द्या," कोणीतरी म्हणायचं.

"बघायलात की. खिडकीत हाय न्हवं?"

"खिडकीत तर फोटो पण असतोय."

एका नातेवाईक बाईनं जाता जाता ऐकवलं, किडनी दिली म्हणून हिनं भाऊ विकतच घेतलाय. मला राग आला, पण चहाचा कप मात्र मी तिच्या हातातून हसत घेतला. बोलू दे. माझा भाऊ जिवंत राहणार असेल तर अख्ख्या तालुक्यानं मला शिव्या दिल्या तरी चालणार होतं.

रोज सकाळी मी त्याला विचारायचे, "काय म्हणतीया माझी किडनी?"

"हुशार हाय," तो म्हणायचा. "तुझ्यावर गेली न्हाई."

दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी व्हायची. तपासणीवाला भावाच्याच फोनवर आकडा सांगायचा. आकडा खाली म्हणजे किडनी नीट चाललीय, वर म्हणजे बिघाड. आलेल्या प्रत्येकाला मी तो आकडा सांगत असे, पोराचे मार्क सांगावेत तसे. माझी किडनी आहे, उगाच नाही, असं पुढं जोडायचे. लोक हसायचे, खिडकीतून भाऊपण हसायचा.

पुढं पुढं मी विचारलं की तो नुसतं "ठीक हाय" म्हणू लागला. मला वाटलं, कोंडून राहिल्यानं वैतागलाय.

मग एक मंगळवार आला. रजा वाढवायची होती, त्यासाठी मला शाळेत जाऊन यावं लागणार होतं. भावजयीला दहा वेळा बजावून मी सकाळी भालकीची बस धरली. दुपार कलताना परत आले. फाटक ओढलेलं होतं, खुर्ची जागेवर होती. पण घरात पाऊल टाकलं आणि कडुलिंबाचा वास आला. ओल्या, चुरगळलेल्या पाल्याचा.

भावजय घरात नव्हती. भाऊ पलंगावर बसला होता. त्याच्या कपाळावर हळदीचं बोट होतं, बारीक, वाकडं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचा डबा, आणि डब्याच्या झाकणावर लिंबाची डहाळी.

"कोण आलतं?"

"चुलती."

"आत?"

"मग काय भाईर उभी करू? म्हातारं मानूस."

"ही कुठं गेली?"

"मेडिकलात. मीच धाडलं."

"आणि हळद? चुलतीचं बोट एवढं बारीक न्हाई."

तो भिंतीकडं बघू लागला. "लेकरानं लावली," तो म्हणाला.

मी डबा उघडला. दहीभात होता, फोडणी न दिलेला. मी तिथंच खाली बसले.

आमच्याकडं लेकराला ताप येऊन अंगभर पाण्याचे फोड आले, की त्याला रोग म्हणत नाहीत. देवी आल्या म्हणतात. घरात फोडणी द्यायची नाही, मटण नाही, पुरुषांनी दाढी करायची नाही, दाराला लिंबाचा पाला. फोडांना फोड म्हणायचं नाही, मोती म्हणायचं. देवी घरात आहेत तोवर त्या लेकराला कोणी अरेतुरे करत नाही, आई म्हणतात. मग मंगळवार नाहीतर शुक्रवार बघून लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि दहीभाताचा नैवेद्य वाटायचा. त्या न्हाणाच्या दिवशी देवी निघायच्या बेतात असतात, आणि जाताना त्या कोणाच्या डोक्यावर हात ठेवतील तर त्याचं दुखणं सोबत घेऊन जातात. लेकराचा तो हात मिळावा म्हणून लोक आजारी माणूस उचलून नेतात. चालता येत नसेल, तर लेकराला त्याच्या घरी आणतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कांजण्या कशा पसरतात ते फळ्यावर लिहून दिलंय. पण घरात मीसुद्धा आजवर कांजण्या हा शब्द उच्चारला नव्हता.

त्या दिवशी उच्चारला. चुलतीला फोन लावला आणि ओरडले, "कांजण्याचं लेकरू घिऊन आलीस व्हय गं त्याच्याजवळ? मारायचंय का त्याला?" ते लेकरू म्हणजे तिची चारेक वर्षांची नात. फोन बंद झाला. परत लावला तर उचलेना. देवी अजून घरात असताना असं बोलणं तिनं कधी ऐकलं नसणार.

तेवढ्यात भावजय गोळ्यांची पिशवी घेऊन आली. तिनं डबा पाहिला, नवऱ्याचं कपाळ पाहिलं. पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि स्वतःच्या फोनवरून चुलतीला लावलं. फोनचा आवाज तिनं मोठा ठेवला होता.

"आत्याबाई, आईचं न्हानं झालं व्हय आज?"

"झालं गं माय."

"नीट झालं न्हवं? मोती समदे सुकलते का?"

मग चुलती म्हणाली, "पाठीवर दोन-चार वले होते. पण मंगळवार हातचा कामून जाऊ द्यायचा मनून उरकलं."

मोती सुकून खपली धरली असती, तर धोका जवळजवळ गेलेला असता. हे मी पोरांना शिकवलं होतं. ओले होते म्हणजे धोका होता. मी फोन हिसकावला. "कामून आणलंस गं? सगळं ठाव असताना कामून आणलंस?"

"आणलं," चुलती म्हणाली. "माज्यामुळं झालं मन. काय बोलायचं ते मला बोल." एवढंच. मला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटलीय.

हैदराबादला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, त्याला लहानपणी हे होऊन गेलंय का? त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. माझ्या अंगावर देवी आल्या तेव्हा तो अंगावर पिणारा होता. आई त्याला उचलून ठाणाकुशनूरला माहेरी निघून गेली, आणि देवी जाईपर्यंत माझ्याजवळ चुलती बसली होती. माझ्या भुवईवर त्याचा वण अजून आहे. त्याच्या अंगावर एकही नाही. बाई म्हणाल्या, रोगाचा जोर मोडणारं एक इंजेक्शन असतं, ते लवकर द्यावं लागतं, आजच निघा.

जहीराबादच्या रस्त्यानं गाडी चालली होती आणि मी सगळ्या वाटेनं चुलतीला शिव्या देत होते. भाऊ एकदाच म्हणाला, "जाऊ दे ना अक्का, तिला नक्को बोलू." मी त्यालाच झापलं. तुझ्या या भिडस्तपणानंच सगळं झालं, दार उघडायला कोणी सांगितलं होतं? तो बाहेर बघत बसला.

ते इंजेक्शन सहज मिळणारं नव्हतं, दुसऱ्या दवाखान्यातून मागवावं लागलं. दुसऱ्या दिवशी दिलं. सोबत गोळ्याही दिल्या. बाईंनी स्पष्ट सांगितलं, यानं होणारच नाही असं नाही. झालं तर जोर कमी असेल. दोन-तीन आठवडे वाट बघायची. त्यांनी रक्तही काढून घेतलं, भावाशी एकट्याशी काहीतरी बोलल्या. मी औषधाच्या रांगेत होते.

वाट बघणं काय असतं ते मला नौबादला परत आल्यावर समजलं. रोज सकाळी मी त्याला सदरा काढून खिडकीत उभा करायचे आणि पाठ, काखा, केसांच्या मुळापर्यंत सगळं बघायचे. डास चावलेला दिसला तरी त्याभोवती पेनानं गोल काढून ठेवायचे. थर्मामीटर त्याच्या उशाला नव्हे, माझ्या पदराला बांधलेला. तो शिंकला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो. भावजय स्वयंपाक करताना मधेच थांबून कान देत असे. तो झोपला की श्वास नीट चाललाय ना, ते मी दारातून ऐकायचे.

"कोंबडी खरेदी करायलीस का?" तो एकदा म्हणाला. "रोज उलटीपालटी करून बघायलीस."

मी हसले नाही. हसण्याची ताकदच नव्हती.

त्या दिवसांत गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर मी चुलतीचं काम सांगितलं. कशी आली, कशी लेकरू घेऊन आत शिरली, ओले फोड असताना कसं न्हाणं उरकलं. गावात बातमी पसरली. लोक तिला तोंडावर बोलू लागले. ज्या बायका स्वतः लेकरं घेऊन आजाऱ्यांच्या घरी गेलेल्या होत्या, त्याही बोलू लागल्या. ती कोणालाच उत्तर देत नाही असं समजलं. देईल कशाला, मी म्हटलं, तोंड आहे कुठं तिला?

एका सकाळी चहा पिता पिता भावानं कप खाली ठेवला. निम्मा भरलेला होता. "थंडी वाजायलीय," तो म्हणाला. बाहेर ऊन रणरणत होतं. मी सदरा वर केला. कमरेच्या वर, उजव्या बाजूला, तांबूस जागेवर पाण्यानं भरलेले थोडे फोड. रात्री तिथं काही नव्हतं.

भावजयीनं आधीच भरून ठेवलेली पिशवी काढली. ती कधी भरली होती, मला माहीत नव्हतं.

हैदराबादला त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. मला होऊन गेलं होतं म्हणून आत जायची परवानगी मिळाली, अंगावर झगा, तोंडाला मास्क, हातमोजे. भावजयीला आपल्याला झालं होतं की नाही ते खात्रीनं सांगता येईना. तिच्या माहेरी सांगणारं आता कोणी उरलं नाही. ती काचेबाहेर बसली. शिरेतून औषध सुरू झालं, तरी पहिल्या दोन दिवसांत फोड छातीवर आले, मानेवर आले, आणि त्याला धाप लागू लागली. नाकाला प्राणवायूची नळी लागली. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, आता चौकीदाराला उठवावं लागेल. म्हणजे किडनी टिकवायच्या गोळ्यांपैकी एक बंद, बाकीच्या कमी. मग शरीर या रोगाशी झुंजेल. पण उठलेला चौकीदार किडनीवरही काठी उगारू शकतो. मान्य आहे का? आणि मग म्हणाल्या, "वैसे भी नंबर तो पहलेसेच चढेला था ना. हमें उसका भी डर है."

"कवापासून?" मी विचारलं. मराठीतच विचारलं.

त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. मंगळवारच्या त्या प्रकाराच्याही आधीपासून आकडा हळूहळू चढत होता. त्यांनी भावाला दोनदा फोन करून बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात येतो, असं तो दोन्ही वेळा म्हणाला होता. इंजेक्शनला आला तेव्हाही त्यांनी त्याला एकट्याला समजावलं, गोळी बदलून दिली, घरच्यांना सांगा म्हणाल्या. त्यानं मान हलवली होती.

मी आत गेले. तो डोळे मिटून होता. चेहऱ्यावर फोड, ओठ कोरडे.

"आकडा चढला होता मनं," मी म्हटलं.

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मला ठीक हाय ठीक हाय सांगत होतास."

"कसं सांगू तुला?" तो म्हणाला. दोन शब्दांत एकदा श्वास घेत होता. "तू रोज विचारायचीस, माझी किडनी कशी हाय. आल्या-गेल्याला सांगायचीस. तुझं पोट फाडून दिलेली किडनी मी खराब करायलोय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मी ओला कापूस त्याच्या ओठांना लावला.

"चुलती आपल्या मनानं आली न्हाई अक्का. मीच फोन केलता. तिच्या नातीला देवी आल्यात असं कळलं मला. मी मनलं, न्हानाच्या दिवशी घिऊन ये, तिचा हात ठिव माझ्या डोक्यावर. ती नक्को मनत होती. अक्का चिडेल मनली. मी रडलो फोनवर. तवा आली. आणि तू घरात नसशील तोच मंगळवार मनून वले असताना न्हानं उरकायला मीच लावलं. अक्काला सांगू नको मनलो."

यंत्राचा बारीक आवाज येत होता. काचेबाहेर भावजय उभी राहून आमच्याकडं बघत होती. तिला काही ऐकू जात नव्हतं. मी एवढे दिवस ज्या फाटकात बसून चोर अडवत होते, त्या फाटकाच्या आत हा माणूस भीतीनं असा वाळत होता आणि मी त्याच्या खिडकीखाली बसून आकडे वाटत होते. मला स्वतःची शिसारी आली. आणि त्याचा इतका राग आला, की फोड नसते तर थोबाडीत दिली असती.

"डॉक्टर गोळ्या कमी करतो मनायल्यात," मी म्हटलं.

"नक्को." त्यानं आता डोळे उघडले. "सांग त्यांना. गोळ्या कमी करू नका. तुझी किडनी जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? मी सही करणार न्हाई. तू एवढं—"

"ऐक," मी म्हटलं. वर्गात चढवते तसा आवाज मी चढवला नाही. "ती किडनी जगावी मनून मी तिला तुझ्या पोटात ठिवली का रे? तिला काय माझ्याजवळ जागा नव्हती? तू जगावास मनून ठिवली. गेली तर गेली. परत मशीनवर बसशील, शेजारच्याला तुरीचा भाव सांगशील. माझ्यापुढं बसलेला तर असशील."

तो रडू लागला. रडल्यानं धाप वाढली, नर्स धावत आली आणि मला रागावली. मी नर्सला म्हटलं, कागद आणा आधी. तिनं बाईंना बोलावलं. हातमोजा घातलेल्या हातानं मी त्याचं मनगट धरलं आणि त्यानं सही केली. वाकडी आली, पण आली.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, किंवा आठवायचे नाहीत. ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. एका दुपारी त्याला कृत्रिम श्वासावर घ्यावं लागेल असं बोलणं झालं. भावजय काचेला कपाळ लावून उभी होती, तिला तिथून हलवायला मला जमलं नाही. मग एक दिवस धाप थोडी कमी झाली. फोडांवर खपल्या धरू लागल्या. लघवी कमी झाली होती, ती परत होऊ लागली. किडनीला मार बसला होता, आकडा पूर्वीइतका खाली कधीच आला नाही, पण ती होती. बाई म्हणाल्या, "जखमी है, मगर है." मी तिथंच भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिले. देवाचं नाव घ्यावं की औषधाचं, सुचत नव्हतं, म्हणून काहीच घेतलं नाही.

नौबादला परत आल्यावर मी आधी खटकचिंचोळीला गेले. चुलती ओसरीवर तूर पाखडत होती. मी समोर बसले. ती पाखडत राहिली.

"तू सांगितलं कामून न्हाईस?" मी म्हटलं. "एवढं गाव बोललं तुला."

"त्यानं नक्को मनलं होतं," ती म्हणाली. "आणि माझं काय, मी तर आणलंच होतं की." सूप बाजूला ठेवून तिनं आत चहा टाकायला हाक दिली. थोड्या वेळानं म्हणाली, "भ्यालेलं पोरगं होतं ते. मला नक्को मनता आलं न्हाई. आता येईल." तिची नात माझ्या पर्सची चेन उघडझाक करत बसली होती. मी तिला करू दिलं. उठताना चुलतीच्या पाया पडले आणि शेजारच्या दोन घरी स्वतः जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. तिसऱ्या घरी जायला निघाले तर चुलतीनंच अडवलं. पुरे म्हणाली, पोराची अब्रू जायलीय.

खोल्या सोडल्या. भाऊ गावी गेला. आता दुकानात तो मास्क लावून गल्ल्यामागं बसतो, आणि माणसं बाकड्यावरून बोलतात. तपासणीला तो भालकीला येतो. मी आकडा विचारणं बंद केलं होतं. जिभेवर यायचं, गिळायचे. त्याला सांगायचं असेल तर सांगेल, नसेल तर मी विचारून ते बाहेर काढू शकत नाही, एवढं मला समजलं होतं. तो सांगत नव्हता. तब्येतीचं सोडून सगळं बोलायचा, पावसाचं, तुरीच्या भावाचं, कोणाच्या लग्नाचं. फोन ठेवला की मला रात्रभर वाटायचं, हा परत काहीतरी लपवतोय.

मागच्या पंधरवड्यात शाळेत तिसरा तास संपला होता. पोरं वर्गातून बाहेर सांडत होती आणि माझा फोन वाजला.

"अक्का," तो म्हणाला.

"बोल."

"आत्ताच तपासणीवाल्यानं सांगितलं. अजून घरीपण सांगितलं न्हाई." तो थांबला. मागं बसस्टँडचा गोंधळ ऐकू येत होता. "आकडा वाढलाय गं. बराच वाढलाय. मला भ्याव वाटायलाय."

मी पायरीवर बसले. खडूनं भरलेला हात तोंडावर ठेवला, म्हणजे पोरांना आवाज जाऊ नये. आकडा वाईट होता, खरोखर वाईट, आणि मी रडत होते ते त्यासाठी नव्हतं.

"कुठं उभा हाईस?" मी विचारलं.

"भालकीच्या स्टँडवर."

"तिथंच थांब," मी म्हटलं. "मी यायले."